बिनसहीचा हुकूम चालणार नाही

कात्रीवहिनींनी उभे आयुष्य कापड बेतण्यात घालवले. त्यांचे सर्व बेत, म्हणजे कपडे कापायचे मापाचे आराखडे, आता घरच्या संगणकात असत, आणि त्यांवरच घर चाले. मागल्या हिवाळ्यात धाकट्या दिरांनी कोठून तरी फुकट मिळालेली स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाने ओळीने पाळायच्या हुकमांची फाइल, त्यात चालवली. निम्मे बेत होत्याचे नव्हते झाले.

तेव्हा वहिनींनी संगणक दुरुस्त करणाऱ्या पुतणीला बोलावले. ती त्याच दिरांची लेक. तिने कमांड लाइनला, म्हणजे संगणकाला असे हुकूम जिथून देतात त्या जागेला, बंधन घातले. ज्या स्क्रिप्टवर ओळखीच्या माणसाची डिजिटल सही नसेल, ती चालणार नाही. नियम बदलण्याचा पासवर्ड वहिनींपाशीच राहिला.

"काकू, ही भिंत नाही हं, नुसती कडी आहे. मुद्दाम काढायची म्हटली तर निघते."

"कडीच पुरे. काढणाऱ्याला निदान कळेल तरी, की आपण कडी काढतोय."

शाळेच्या गणवेशांचे मोठे काम अंगावर असताना दीर पुन्हा आले. नवी स्क्रिप्ट सगळे बेत कापडावर आपोआप बसवील, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी ती चालवताच पडद्यावर लाल अक्षरांत नकार उमटला.

"वहिनी, पासवर्ड टाका."

"कुणी लिहिलीय ही?"

"कुणी का लिहीना. काम झाल्याशी मतलब."

"मागच्या खेपेलाही हेच म्हणालात, भाऊजी."

"माझ्याच पोरीला हाताशी धरून माझे हात बांधलेत."

"हात मोकळेच आहेत की. ही घ्या कात्री."

शिलाई मशीनवर बसलेले यजमान न राहवून म्हणाले, "अगं, एकदा उघड. काम हातचं जाईल."

"हे एक जाईल. बेत गेले तर पुढचं कुठलंच येणार नाही."

"चार अक्षरं काय आली," दीर म्हणाले, "आता घरावर हुकूम चालवा."

"अक्षरं येत नव्हती, तेव्हा दाखवाल तिथं अंगठा उठवला. आता न वाचता काही चालणार नाही. माझंही नाही, तुमचंही नाही."

दीर चपला घालून दारात रेंगाळले. कोणी थांबवील, अशी त्यांची अपेक्षा असावी. यजमानांनी वहिनींना डोळ्यांनी खुणावले. वहिनींनी फोन उचलला तो मात्र शाळेच्या कारकुनांना.

"गणवेश सोमवारऐवजी बुधवारी मिळतील. नाही, मशीन बिघडलेलं नाही. मी नाही म्हटलं, म्हणून उशीर."

फोन ठेवून त्यांनी टेबलावर कापड पसरले आणि खडूने पहिली रेघ ओढली.