पत्रिकेवरचं बी.कॉम.

माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर माझ्या नावापुढे कंसात बी.कॉम. छापलं होतं. हा माझ्या धाकट्या बहिणीचा हट्ट. प्रेसवाल्याने पहिल्या नमुन्यात ते गाळलं, तर ही मुलुंडहून भांडुपला गेली आणि त्याच्याशी भांडून ते घालून घेतलं. पाहुण्यांनी पत्रिका हातात घेतली की ती त्या कंसावर बोट ठेवायची. मी बी.कॉम. झालेलो नव्हतो. आजही नाही. पण ते माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

आमचे बाबा महापालिकेत सफाई कामगार होते. मुलुंडला कामगार वसाहतीत आमची खोली होती, तीही नोकरीबरोबर मिळालेली. नोकरी असेतो खोली. गाव जालन्याकडचं, पण तिथे जमीन नव्हती, घर नव्हतं, परत जावं असं काहीच नव्हतं. बाबांचं एक वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यांनी सुरुवात केली की आम्ही दोघं मागे बसून नुसते ओठ हलवायचो. ‘माझ्या हातातला झाडू तुमच्या हातात द्यायला मी मुंबईला नाही आलो.’ त्यांनी पकडलं की आम्ही हसायचो, आणि तेही हसायचे. वसाहतीत सगळ्यांच्याच घरी हे वाक्य होतं, शब्द थोडे इकडेतिकडे. कुणाचं पोर बारावीला चांगलं पास झालं की विहारात त्याला पुढे बसवायचे.

मी कॉलेजात गेलो तो याच जोरावर. आणि तिथे माझी वाट लागली. अकाउंट्स इंग्रजीत शिकवायचे, मला कळायचं नाही, आणि कळत नाही हे सांगायची लाज. मागच्या बाकावरून मी हळूहळू कॅन्टीनमध्ये सरकलो. गरिबीने मला नापास केलं असं मी पुढे कित्येकांना ऐकवलं, पण ते खरं नाही. बाबांनी मला पुस्तकं कमी पडू दिली नाहीत. मी घाबरट आणि आळशी होतो. पहिल्या वर्षाचे दोन विषय अडकले, एटीकेटी लागली. म्हणजे नापास, पण वरच्या वर्गात बसू देतात. घरी मी एवढंच सांगितलं, ‘दुसऱ्या वर्षाला गेलो.’ ते खोटंही नव्हतं. अशी वेळ मारून न्यायला मी तिथेच शिकलो.

बहीण माझ्याहून दीड वर्षाने लहान, आणि खरी हुशार ती. मी दुसऱ्या वर्षाला असताना ती बारावी सायन्सला वसाहतीतून पहिली आली. तिला केमिस्ट्री घ्यायची होती. कॉलेजचा फॉर्म तिने आधी पेन्सिलीने भरला, मग शाईने गिरवला आणि गादीखाली सपाट ठेवला. त्याच महिन्यात बाबांची छाती गेली. वर्षानुवर्षं धूळ खाऊन दमा झालेलाच होता, आता डॉक्टरांनी त्यांना कामाला अनफिट ठरवलं. अशा वेळी घरातल्या एकाला वारस म्हणून ती नोकरी मिळते. कुणी लागलं नाही तर खोली सोडायची. मग आजारी माणसाला घेऊन कुठे जायचं?

त्या दुपारी आम्ही चौघं खोलीत होतो. बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. त्यांचं ते वाक्य आता त्यांनाच गिळावं लागणार होतं. आई म्हणाली, ‘त्याचं अर्धं झालंय. हिचं अजून सुरूबी नाही. अर्धं टाकलं तर वाया जाईल, जे सुरूच नाही ते काय वाया जाणार?’

हिशोब बरोबर होता. फक्त माझं अर्धं झालेलं नव्हतं. नापासाची गुणपत्रिका माझ्या वहीत घडी करून ठेवलेली होती, माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर. मी ती काढून दाखवली असती तर नोकरीला मी लागलो असतो आणि ती कॉलेजला गेली असती. मला झाडूची लाज वाटत होती. ज्या कामावर वाढलो त्याचीच. आणि कॉलेजातल्या कुणी मला रस्त्यावर झाडताना बघितलं तर, एवढंच डोक्यात होतं. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. बहिणीने एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, ‘लागते मी. दादाचं होऊ दे पुरतं.’ तिचा आवाज अगदी साधा होता.

वारसाच्या अर्जाला घरातल्या इतरांचं संमतीपत्र लागतं. त्यात लिहिलं होतं की या नोकरीवरचा माझा हक्क मी स्वखुशीने बहिणीच्या नावे सोडत आहे. मी सही केली. वाचणाऱ्याला वाटावं, भावाने बहिणीसाठी केवढा त्याग केला. मुकादम मला म्हणालाही, ‘असा भाऊ पाहिजे.’ बहीण शेजारी उभी होती, तिने मान हलवली.

ती एकोणीस वर्षांची होती. पहिल्या दिवशी तोंडाला ओढणी बांधून गेली आणि आल्यावर नळाखाली बराच वेळ बसून राहिली. मग सवय झाली. मी मात्र शेवटच्या वर्षाला पुन्हा दोन विषयांत गेलो. तीनदा बसलो, मग बसणंच सोडलं. पास झालो असं सांगून पेढे मात्र पहिल्याच वेळी आणले होते. बाबांनी एक तोंडात घातला आणि रडले. तो बॉक्स बहीण दुसऱ्या दिवशी कामाच्या चौकीत घेऊन गेली आणि हजेरीला आलेल्या सगळ्यांना एकेक पेढा दिला. वर्षभरात बाबा गेले, पुढे आईही. दोघांनाही मुलगा पदवीधर झाल्याचं समाधान होतं. हे बरं झालं की वाईट, मला अजून कळत नाही.

बाकी सांगण्यासारखं फार नाही. मी अंधेरीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात बिलं टाइप करतो, कॉन्ट्रॅक्टवर. दर अकरा महिन्यांनी नवा कागद. बायकोबरोबर दहिसरला भाड्याने राहतो. ऑफिसात कुणी पदवी मागितली नाही, बारावीवर भागलं. बहीण पर्मनंट. तिचं लग्न झालं, नवरा रिक्षा चालवतो, एक मुलगी आहे. बाबांची खोली तिच्याच नावावर राहिली. आता तिचा उजवा खांदा वर होत नाही. बावीस वर्षं झाडू मारून तो निकामी झाला. तिची वेणी रोज सकाळी तिची मुलगी घालते.

ती मुलगी यंदा बारावी झाली. चांगल्या मार्कांनी. आणि निकालाच्या संध्याकाळी आईला म्हणाली, ‘तू व्हीआरएस घे. तुझ्या जागी मी लागते.’ बहिणीचा फोन आला तेव्हा ती ओरडत होती की रडत होती, कळेना. ‘दादा, रविवारी ये. माझं ऐकत नाही ती. तुझं ऐकेल. शिकलेला माणूस आहेस तू.’

गेलो. बहिणीने सुकट केली होती, मला आवडते म्हणून. जेवण होईपर्यंत कुणी विषय काढला नाही. मग भाचीनेच काढला.

‘मामा, राग नको मानू हां. पण कॉलेजने तुला काय दिलं? आई पर्मनंट आहे, तू अजून कॉन्ट्रॅक्टवर. आईकडे रूम आहे, तू भाड्याने. माझ्या मैत्रिणीचा भाऊ ग्रॅज्युएट आहे यार, बाईकवरून जेवणाची पार्सलं टाकतो.’

‘सगळं पैशात नाही मोजत,’ मी म्हणालो. ‘कॉलेजात माणूस विचार करायला शिकतो.’

‘आई नाही करत विचार?’

मग तीच पुढे म्हणाली, ‘मला शिकायचंय ना. खूप शिकायचंय. पण तीन वर्षं मी वर्गात बसणार आणि आई ह्या खांद्याने रस्ता झाडणार? नोकरी लागल्यावर बाहेरून परीक्षा देईन मी.’ तिचे डोळे भरले होते. हट्ट वगैरे काही नव्हता तो. पोर आईला वाचवायला निघाली होती.

‘ऐकतोस ना?’ बहीण म्हणाली. ‘अगं, खांद्याचं बघू आपण. डिग्री आयुष्यभराची असते, ती कुणी काढून घेत नाही. दादा, एकदा तुझं सर्टिफिकेट आण रे. हिला दाखव. मी पण कधी बघितलं नाही ते.’

याचं उत्तर माझ्याकडे वीस वर्षं तयार होतं. ट्रंकेत पाणी शिरलं, भिजलं. एवढं म्हणून मी सुटलो असतो, आणि कदाचित पोरगी कॉलेजलाही गेली असती. पण समोर बहीण पदर खोचून बसली होती, माझ्या शिक्षणाची साक्ष काढत, आणि मला स्वतःची इतकी किळस आली की ते तोंडातून निघेना.

‘नाहीये सर्टिफिकेट,’ मी म्हणालो. ‘मी पास नाही झालो. शेवटच्या वर्षाचे दोन विषय राहिले ते राहिलेच.’

बहीण हसली. मी मस्करी करतोय असं वाटलं असावं तिला. मग हसणं थांबलं.

‘आणि पेढे?’

‘खोटे.’

तिने ताट बाजूला सारलं. मग तिने विचारलं, अगदी हळू, ‘बाबा आजारी पडले तेव्हा तर तू दुसऱ्या वर्षाला होतास ना? तेव्हा तर नीट चाललं होतं.’

‘नाही. तेव्हाही नापासच होतो. दोन विषयांत. तुला सांगायला हवं होतं.’

तिला सगळं उमजायला वेळ लागला नाही. मी म्हटलं ना, हुशार तीच. मी वाट बघत होतो की ती शिव्या देईल, ताट फेकेल, निघ म्हणेल. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिने फक्त डावा हात उजव्या खांद्यावर ठेवला आणि तो चोळत राहिली.

‘बघ आई,’ भाची म्हणाली, ‘म्हणजे मी म्हणत होते तेच—’

‘गप.’

बहीण उठली. माझं ताट उचललं, तिचं उचललं, मोरीत नेऊन ठेवलं. परत आली ती मुलीसमोर बसली, माझ्याकडे पाठ करून. ती रागाने बोलली नाही. शेजारणीला एखादी गोष्ट सांगावी तशी बोलली.

‘तू कॉलेजलाच जायचं. आपल्या घरातून अजून कोणी गेलेलं नाही.’