पाण्याविना दिवा

नागपूरच्या हुडकेश्वर भागातल्या आईच्या घरात तो दिवा मिलका नागावकरने स्वतःच्या हाताने टांगला होता. टांगताना केवढा अभिमान वाटला होता तिला! आता छताच्या त्या रिकाम्या हुकाकडे तिला बघवत नव्हतं.

मिलका ज्यू धर्मविधींच्या वस्तू घडवायची. शब्बाथचे, म्हणजे शुक्रवारी मावळतीला सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाचे दिवे, द्राक्षरसाचे पेले, दाराच्या चौकटीवर लावायच्या मेझुझाच्या, म्हणजे धर्मवचनांच्या गुंडाळीच्या, डब्या. बेने इस्रायलांच्या, म्हणजे मराठी ज्यूंच्या, जुन्या घरांतल्या वस्तूंना ती आजच्या घरात शोभेल असं रूप द्यायची. इतवारीतले देवाजी तिला पितळ ओतून द्यायचे आणि माल परदेशी जायचा. नागपुरात घ्यायला होतं कोण? ज्यूंची घरं बोटांवर मोजण्याइतकी.

तिचा सगळ्यात नावाजलेला नग म्हणजे हा दिवा. बेने इस्रायलांचा शुक्रवारचा जुना दिवा अगदी साधा. टांगलेला काचेचा पेला, खाली पाणी, वर खोबरेल तेल, तेलावर वात. शब्बाथला आग विझवायची नसते. तेल संपलं की वात पाण्याला टेकते आणि दिवा आपला आपण विझतो. मिलकाला पेल्याचा घाट आवडला, पाणी मात्र नकोसं झालं. गढुळतं म्हणे, फोटोत वाईट दिसतं म्हणे! तिने पाण्याच्या जागी जाड काचेचा तळ घेतला आणि वात पितळी दांडीत बसवली. लोकांनी तोंडभरून कौतुक केलं. परंपरा काय, नवता काय, विचारू नका.

आईने, रिवकाबाईंनी, तेवढं विचारलं होतं. "याच्यात पाणी नाही टाकत काय वं?"

"जाड काच पाण्यासारखीच दिसते न, आई."

"दिसते खरी," म्हणाल्या आणि लेकीच्या कौतुकात रमल्या. दर शुक्रवारी तोच दिवा लावायच्या, डोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हणायच्या.

मग एका शुक्रवारी संध्याकाळी, मिलका तिथे नसताना, तेल संपत आलं, ज्योत तळाला भिडली आणि काच फुटली. उरलंसुरलं जळतं तेल टेबलावरच्या चादरीवर सांडलं. शेजारच्या कुसुमताई सतरंजी घेऊन धावल्या, पण तोवर रिवकाबाईंच्या साडीने पेट घेतला होता.

दवाखान्याच्या व्हरांड्यात कुसुमताई रडत रडत म्हणाल्या, "आधी नुसताच तडा गेल्ता वं. तिनं मले आवाज देल्ला, 'पाह्य वं कुसुम, काच चिरली.' मी कणकेचे हात धुवाले गेली, तवरक हे झालं."

म्हणजे वेळ होता! एक फुंकर मारायला कितीसा वेळ लागतो? मिलकाने दिवा घेतलेल्या सगळ्यांना कळवून टाकलं, लावू नका, परत पाठवा. धंद्याची तिला पर्वा उरली नव्हती. आईने फुंकर का मारली नाही, हे एकच मनाला कुरतडत होतं. शब्बाथ मोडू नये म्हणून? जीव वाचवायला शब्बाथ मोडावा असं धर्मच सांगतो. तरी आई नियमाला चिकटून बसली असेल, या विचाराने तिला आईचा राग यायचा, नियमाचा यायचा. आणि खरं सांगायचं तर त्या रागाचा तिला आधार होता.

शेवटी तिने विचारलंच. बँडेजमधून रिवकाबाईंचे ओठ तेवढे उघडे होते.

"काहून नाही विझवला वं, आई? शब्बाथ होता म्हणून?"

"पागल आहेस काय," त्या हळूच म्हणाल्या. "जिवापुढं शब्बाथ नसते, मले ठाऊक नाही काय?"

"मंग?"

"मले वाटलं, तू बनवला आहे. पाणी काढलं, म्हणजे काहीतरी दुसरी सोय केलीच असन तू. आता विझन, मंग विझन, असं पाहत बसली मी."

मिलकाच्या रागाला धरायला आता कोणीच उरलं नव्हतं, ती एकटी सोडून.

रिवकाबाई त्याच आठवड्यात गेल्या.

शुक्रवारी दिवस मावळायच्या आत मिलकाने आईच्या स्वयंपाकघरातला चहाचा काचेचा पेला घासला. अर्धा पाण्याने भरला, वर जरासं खोबरेल ओतलं, बुचाच्या चकतीवर वात सोडली आणि तारेने त्याच हुकाला टांगला. कुसुमताई शेजारी येऊन बसल्या.

तेल थोडंच होतं. वात खाली उतरली, पाण्याला टेकली, चुर्र झालं आणि दिवा विझला.

"झालं?" कुसुमताईंनी विचारलं.

"एवढंच होतं," मिलका म्हणाली.