काउंटरवरची तीन मिनिटं

पलूसच्या बाजारपेठेत माझं एका खोलीचं ऑफिस आहे. लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्नं भरून देतो. येणारा प्रत्येक जण काहीतरी लपवायच्या नादात येतो. कुणी प्लॉट लपवतो, कुणी बायकोच्या नावावरचं दुकान. पण स्वतःलाच लपवणारं गिऱ्हाईक मला आयुष्यात एकच भेटलं. कुंडलची संयोगिता.

तिच्या नवऱ्याचं नाव कृष्णात, तो फौजेत. ती सासूजवळ, भामाबाईंजवळ राहायची. पुण्याची एक कंपनी तिला फोनवर काम पाठवायची. हिनं साधं गिऱ्हाईक बनून शोरूममध्ये, बँकेत, हॉटेलात जायचं. तिथले नोकर कसे बोलतात, पाणी विचारतात का, किती मिनिटं ताटकळत ठेवतात, ते बघायचं आणि गुपचूप लिहून पाठवायचं. प्रत्येक ठिकाणी नाव वेगळं. विट्यात ही शिक्षिका, कराडात कंत्राटदाराची बायको. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायची, म्हणजे समोरच्याला न कळता वेळ बघता यायची. पुढं ती सवयच झाली. घरी चहाला किती मिनिटं लागली तेसुद्धा तिला ठाऊक असायचं, आणि भामाबाई त्यावरून तिला चिडवायच्या.

खरं काम कुणाला सांगायचं नाही असा कंपनीचा करार होता. घरी तिनं सर्व्हेचं काम म्हणून सांगितलं होतं. मला मात्र सांगितलं होतं. डॉक्टरापुढं आणि टॅक्सवाल्यापुढं खोटं बोलू नये, असं तीच म्हणायची. त्यातलं अर्धंच तिनं पाळलं.

दिवस गेल्यावर ती भीतभीतच माझ्याकडं आली. कंपनीकडं बाळंतपणाची रजा मागितली तर उत्तर आलं, तुम्ही आमच्या नोकर नाही, स्वतःचा धंदा करता. पण त्याच कंपनीनं तिच्या प्रत्येक बिलातून टॅक्स मात्र कापला होता. पहिल्या बाळंतपणाला सरकारकडून पाच हजार मिळतात, तेवढा तरी आधार व्हावा असं तिला वाटत होतं. गावात कुणीतरी उठवलं होतं, की रिटर्न भरणाऱ्या बाईला सरकारी मदत मिळत नाही. म्हणून ती रिटर्न भरायलाच तयार नव्हती. मी तिला झापलं. म्हटलं, तुझी कमाई टॅक्स लागण्याएवढी नाही, कापलेला पैसा परत मिळेल, रिटर्न भर आणि आशाताईकडं जाऊन अर्जही कर. हसत गेली. मला वाटलं, आपण पुण्य केलं.

आठवडाभरात, शनिवारी, ती पुन्हा दारात उभी राहिली. मागं भामाबाई. संयोगिताचा चेहरा पांढराफटक पडला होता. भामाबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर भिंतीकडं तोंड करून बसल्या.

झालं होतं ते असं. गावची आशाताई परवीन अर्ज भरायला घरी आली. संयोगिताचा आधार नंबर फोनमध्ये घातला आणि थांबली. सरकारी नोंदीत संयोगिताच्या नावावर आधीचं एक गरोदरपण निघालं. गेल्या वर्षी, सांगलीचं एक खाजगी हॉस्पिटल, तिसरा महिना. त्यापुढं काहीच नाही. ना जन्म, ना गर्भपात.

परवीन भली बाई. तिनं आवाज खाली करून विचारलं, "ताई, पहिलं कुठं गेलं?"

पण भामाबाई शेजारीच शेंगा फोडत बसल्या होत्या. आमच्या भागात या प्रश्नाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पोटातल्या पोरी कशा नाहीशा होतात हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्यात बायकांना पोलिसांच्या गाडीत बसताना पाहिलेली माणसंही आहेत. परवीनला वर कळवणं भागच होतं. सोमवारी तालुक्याहून अधिकारी जबाब घ्यायला येणार होते.

ते पहिलं गरोदरपण कधी नव्हतंच. कंपनीनं तिला त्या हॉस्पिटलच्या काउंटरवर पाठवलं होतं. घाबरलेली, पहिलटकरीण बाई एकटी आली तर तिथली माणसं तिच्याशी कशी वागतात, ते बघायचं होतं. नेहमीसारखं तिनं खोटं नाव योजलं होतं. पण काउंटरवरच्या मुलीनं आधार मागितलं, मोबाइलवर ओटीपी पाठवला. तिथं खोटं नाव चालेना, आणि काम सोडून परत फिरावं तर भाडंसुद्धा अंगावर पडलं असतं. कोण बघतंय, म्हणून तिनं खरं आधार देऊन टाकलं आणि तिसरा महिना म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीला यायला सांगितलं, ही गेलीच नाही. हॉस्पिटलनं मात्र तिचं नाव नियमाप्रमाणं वर पाठवलं होतं.

"सासूबाईंना सगळं सांगितलं," ती म्हणाली. "त्यांचा विश्वासच बसंना. लय रडले मी त्यांच्याम्होरं. ह्यांना फोन केला तर ते एवढंच म्हणाले, आई काय म्हणती ते मला सांग, आन् फोन ठेवला."

खरं सांगतो, माझीही पाचावर धारण बसली. रिटर्न भरायला मी सांगितलं होतं, अर्ज करायला मी सांगितलं होतं. उद्या चौकशी झाली, घर मोडलं, तर त्या पोटातल्या जिवाचं काय, हा विचार डोक्यातून जाईना. आणि जगात असलं कुठलं काम असतं हे त्या अधिकाऱ्याला पटवायचं कसं? बाई रडत जाते, खोटं बोलते आणि त्याचे तिला पैसे मिळतात!

मी तिचा टॅक्सचा उतारा काढला. कंपनीचं नाव होतं, ती हॉस्पिटलात गेली त्या तिमाहीत कापलेला टॅक्स होता. तिचं खरं नाव आणि तिचं खरं काम एका ठिकाणी दाखवणारा तेवढाच कागद. पण त्यावर हॉस्पिटलचा उल्लेख नव्हता. मी म्हटलं, त्या दिवशी कंपनीला लिहून पाठवलेला अहवाल काढ. करार मोडला तर काम जाईल, वर दंडही लावतील, म्हणाली. मी म्हटलं, "काम जाऊ दे. सोमवारी तुला कोण वाचवणार, कंपनी?"

तिनं फोनमधून अहवाल उघडला. तारीख तीच, नोंदीतलीच. कामाचं बिलही सापडलं आणि त्यातला कापलेला टॅक्स उताऱ्याशी रुपयानं जुळला. मला हायसं वाटलं. भामाबाईंना ऐकू जावं म्हणून मी अहवाल मोठ्यानं मराठीत सांगायला लागलो.

"दहा वाजून बावीस मिनिटांनी मी रडायला सुरुवात केली. दुसऱ्या मिनिटाला पाण्याचा ग्लास मिळाला. एकूण तीन मिनिटं रडले. काउंटरवरच्या मुलीनं खांद्यावर हात ठेवला, वागणूक उत्तम. माझ्यावर कुणाला संशय आला नाही."

शेवटचं वाक्य मी वाचायला नको होतं. भामाबाई भिंतीकडून वळल्या आणि सुनेकडं बघत राहिल्या. तिला सोडवणारा कागद हातात होता, आणि ती किती सफाईनं रडते हेही त्याच कागदात लिहिलेलं होतं.

"तवा रडलीस ते खोटं," भामाबाई म्हणाल्या. "मग काल माज्याम्होरं रडलीस ते काय म्हनायचं?"

संयोगितानं मनगट उलटं केलं, घड्याळाकडं बघितलं आणि मान खाली घातली.

"ते किती मिनिटं रडले, मला ठाव न्हाई," ती म्हणाली. "काल मी घड्याळ बघितलंच न्हाई."

भामाबाई उठल्या. सुनेचा हात धरला, मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि आपल्या पिशवीत टाकलं. मग मला म्हणाल्या, "त्या कागदांच्या दोन-दोन परती काढा, भाई. सोमवारी सायबाम्होरं हिच्याशेजारी मी बसनार हाय."