वर्षभरात ती एकदाही बाजूला बसली नाही

"शेवटची पाळी कधी आली होती?"

डॉक्टरबाईंनी सहज विचारलं. माझी मुलगी केतकी, वय एकोणीस, उजवा पाय लांब करून खुर्चीत बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आठवत नाही."

आम्ही पाय दाखवायला पनवेलला आलो होतो. सकाळीच हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय पाहून सांगितलं होतं की नडगीत 'स्ट्रेस फ्रॅक्चर' आहे. पडून मोडलेलं हाड नव्हे, तर रोजच्या त्याच त्या दणक्यांनी हाडाला पडलेली बारीक चीर. मग त्यांनी तिचं वजन विचारलं, ती काय खाते ते विचारलं आणि आम्हाला वरच्या मजल्यावर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. जिना चढताना मी मनात चिडले होते. दुखतो पाय आणि हे भलतंच काय?

"अंदाजे सांगा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी आठवू लागले. माझे यजमान माघात गेले. त्यानंतर दर महिन्याला त्यांच्या तिथीला घरी श्राद्ध होत होतं. दीर ते करत, आणि स्वयंपाक माझी नणंद शैलाताई, मी आणि केतकी करायचो. आमच्याकडे एरवी पाळीचं काही पाळत नाहीत, पण श्राद्धाच्या स्वयंपाकाला अडचण असलेल्या बाईने हात लावायचा नाही, एवढं राहिलंय. फाल्गुनात केतकी वडे तळायला होती. चैत्रात, वैशाखातही होती. पौषापर्यंत अकरा श्राद्धं झाली आणि अकराही वेळा ती माझ्या शेजारी उभी होती.

मला त्याचं कौतुक होतं. शैलाताई तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "पोरीने बापाच्या एकाही श्राद्धाला अडचण येऊ दिली नाही हो." मी ऐकून मान डोलवायचे. मला वाटायचं, देवालासुद्धा कळतंय.

"अकरा महिने तरी आली नसावी," मी म्हणाले.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि तुम्हाला आज कळतंय?"

हे मी लिहितेय ते ज्यांच्या घरात एखादी मुलगी धावते, पोहते, कबड्डी खेळते किंवा भरतीची तयारी करते, त्यांच्यासाठी. त्या खुर्चीत बसून हा प्रश्न ऐकायची वेळ तुमच्यावर येऊ नये.

केतकी पाच हजार मीटर धावते. दिवेआगरच्या पुळणीवर, समुद्राकाठच्या वाळूत, तिचे बाबा हातात घड्याळ धरून उभे राहायचे. ते अचानक गेले, आणि पंधराव्या दिवशी ती बूट घालून बाहेर पडली. आधी एकदाच धावायची, आता सकाळ-संध्याकाळ. रविवारची सुट्टीही गेली. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, घरात फारसं बोलत नाही. मला वाटलं, कोपऱ्यात बसून रडण्यापेक्षा हे बरं. तिचे गाल आत गेले, तेव्हा म्हटलं दुःख आहे. केस गळू लागले, तेव्हाही म्हटलं दुःखच. आमच्या घरात त्या वर्षी सगळ्याला एकच कारण होतं.

पाळी थांबल्याचं तिने बरोबरच्या एका मुलीला सांगितलं होतं. ती म्हणाली, "मस्त की! शर्यतीच्या दिवशी कटकट नाही." कॉलेजचे खेळाचे सर भले गृहस्थ. त्यांच्या कानावर गेलं तर म्हणाले, "ट्रेनिंग चांगलं बसतंय म्हणायचं." वाईट कोणाच्याच मनात नव्हतं.

तपासण्यांना दोन दिवस लागले. पहिली लघवीची, गर्भ राहिलाय का ते पाहण्याची. केतकी लाल झाली. मी नर्सला म्हटलं, "अहो, तिचं लग्न झालेलं नाही." नर्स बाटली पुढे करत म्हणाली, "काकू, पाळी चुकलेल्या सगळ्यांची करतो. परवा पन्नाशीच्या बाईंचीही केली, त्या हसत सुटल्या." केतकीही हसली. मला हसू आलं नाही.

मग रक्त. एफएसएच, एलएच, इस्ट्रोजेन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, अशी हार्मोन्सची लांब यादी. मग सोनोग्राफी. शेवटी 'डेक्सा स्कॅन', म्हणजे हाडं किती भरीव आहेत हे मोजणारं यंत्र. त्या खोलीबाहेर बाकावर आम्ही दोघी सोडून सगळ्या सत्तरीच्या बायका होत्या. एक आजी केतकीला म्हणाली, "आजीला घेऊन आलीस होय?" केतकी म्हणाली, "नाही, स्कॅन माझाच आहे." आजीने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पदर सावरून गप्प बसली. त्या गप्प बसण्याने मी जितकी घाबरले तितकी रिपोर्टनेही नाही.

रिपोर्ट घेऊन डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवलं. "फंक्शनल हायपोथॅलॅमिक अमेनोरिया," त्या म्हणाल्या, आणि मग कागदावर डोक्याचं चित्र काढून सोप्या शब्दांत सांगितलं. मेंदूतला एक लहानसा भाग दर महिन्याला बीजकोशांना निरोप पाठवतो. मुलगी जेवढी दमते तेवढं खात नसेल, आणि वर मनावर ताण असेल, तर मेंदू ठरवतो की आधी जीव चालवू, बाकीचं नंतर. निरोप थांबतो आणि इस्ट्रोजेन कमी होतं. हाडं भरीव ठेवायला तेच लागतं. खेळाडूंमध्ये या सगळ्या प्रकाराला 'रेड-एस' म्हणतात, खेळाच्या मानाने शरीराला इंधन कमी पडणं. मुलगी हाडकुळी दिसलीच पाहिजे असं नाही. केतकीची हाडं तिच्या वयाच्या मानाने बरीच विरळ होती.

"मी निवड चाचणीला धावू शकेन ना?" केतकीने विचारलं. चाचणीला सहा आठवडे होते.

"कुठल्या पायावर?"

केतकीने पाय खुर्चीखाली ओढून घेतला. मग मी विचारलं, "हे परत सुरू होईल का? पुढे तिला मूलबाळ..."

"बहुतेक होईल. बीजकोश चांगले आहेत. कधी होईल ते मी सांगू शकत नाही. गोळ्या देऊन रक्तस्राव आणता येतो, पण त्याने मेंदूचा निरोप सुरू होत नाही, आपलंच समाधान होतं. धावणं पूर्ण बंद. उठल्या उठल्या खायचं, आणि दिवसा तीन तासांपेक्षा जास्त वेळ उपाशी राहायचं नाही. एकही दिवस नाही."

"बहुतेक" हा शब्द घेऊन मी एसटीत बसले. माणगाव, म्हसळा, बोर्ली. सगळ्या रस्ताभर तोच. वर्षापूर्वी अशाच एका डॉक्टरांनी मला "बहुतेक वाचतील" असं सांगितलं होतं.

पुढचे दिवस धास्तीचे होते. मी सारखी तिच्या ताटाकडे बघायचे आणि ती माझी नजर चुकवायची. एकदा धुवायला काढलेल्या ट्रॅकपँटच्या खिशात कागदात गुंडाळलेला अर्धा लाडू निघाला. एकदा दार लोटून पाहिलं तर दुखरा पाय वर धरून ती पोटाचे व्यायाम करत होती. मी ओरडले. आयुष्यात तिच्यावर इतकी कधी ओरडले नसेन.

"तुला जाड व्हायची एवढी भीती वाटते?"

"जाड व्हायची नाही गं," ती जमिनीवरूनच म्हणाली. "धावताना शेवटच्या वळणावर बाबा उभे आहेत असं वाटतं. इथे घरात ते कुठेच नाहीत."

मी तिच्याजवळ फरशीवर बसले. मीही वर्षभर ग्रंथालयात उशिरापर्यंत थांबत होते, ते काही पुस्तकांसाठी नव्हे.

मग वर्षश्राद्ध आलं. तोपर्यंतची आमची रीत अशी की ब्राह्मण जेवून उठेपर्यंत घरच्यांनी पाणीच काय ते प्यायचं. दुपारचे तीन वाजायचे. त्या अकराही दिवशी केतकी पहाटे पंधरा किलोमीटर धावून आली होती आणि तीनपर्यंत उपाशी उभी राहिली होती. हे मला माहीत होतं. मी ते भक्तीत धरलं होतं.

त्या सकाळी सात वाजता, पितरांसाठी चूल पेटायच्या आधी, मी गॅसवर मऊ भात टाकला. तूप-मेतकूट घालून केतकीला वाढला. ती घास हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिली. शैलाताई दारातच थांबल्या.

"वहिनी, हे काय? दादांचं पान मांडायचंय अजून. ते उपाशी आणि लेक आधी जेवणार?"

तीस वर्षांत मी त्यांना उलट बोलले नव्हते.

"दादा वर्षभर उपाशी नव्हते, शैलाताई. ही होती."

शैलाताई आत आल्या, ताटात डोकावल्या आणि फणकाऱ्याने म्हणाल्या, "मग तूप तरी धड वाढा. एवढ्याने काय व्हायचंय तिचं!"

केतकीने ताट संपवलं. निवड चाचणी तिच्याशिवाय झाली. त्या दिवशी ती मागच्या माडांच्या वाडीत जाऊन बसली आणि मी तिला बोलावलं नाही. फक्त तीन तास झाल्यावर पेज नेऊन दिली.

नंतर नुसती वाट पाहणं. फाल्गुन गेला, चैत्र गेला. चीर भरली, कुबड्या सुटल्या, वजन वाढलं, केस गळायचे थांबले. पाळी नाही. दर वेळी डॉक्टरबाई म्हणायच्या, "थांबा. कॅल्शियम, डी व्हिटॅमिन आणि जेवण." आषाढात केतकीला आठवड्यातून तीनदा चालायची परवानगी मिळाली. मी मागून लांबून चालायचे, ती पळत नाही ना बघायला. तिने एकदा वळून हाक मारली, "आई, गुप्तहेरगिरी पुरे. बरोबर चाल." तेव्हापासून आम्ही बरोबर चालतो. तिच्या बाबांबद्दल बोलतो, तिच्या शरीराबद्दलही बोलतो. आधी दोन्ही विषय घरात नव्हते.

भीती गेलेली नाही. हाडं पुन्हा पुरती भरतील का, ते पुढच्या स्कॅनला कळेल. तुमच्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही तर तिला विचारा, डॉक्टरकडे न्या. लाजू नका. मी लाजले नव्हते, मी खूश होते, म्हणून सांगतेय.

गणपतीनंतरच्या एका सकाळी मी ग्रंथालयात जायला निघाले होते. न्हाणीघराचं दार उघडून केतकी उभी राहिली.

"आई, आली गं."

मी पायरीवरच बसले. हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. तीही येऊन शेजारी बसली.

"बाबा असते तर काय म्हणाले असते?"

"काही नाही. ऐकलंच नाही असं दाखवून वाडीत निघून गेले असते."

"आणि?"

"आणि गड्याला माडावर चढवून तुझ्यासाठी शहाळं घेऊन आले असते. का आणलं ते मात्र सांगितलं नसतं."

ती खूप हसली. त्यांच्या आठवणीने या घरात कोणी हसल्याला दीड वर्ष झालं होतं. मग पोट धरून म्हणाली, "दुखतंय पण. आणि भूक लागलीये."

मी ग्रंथालयात फोन केला की आज येत नाही.