बाबांचं माप

नाशिकला द्वारका चौकात बाबांचं शिंप्याचं दुकान होतं. शाळेतून आलो की मी तिथे स्टुलावर बसून गिऱ्हाइकांची मापं लिहून घ्यायचो. बाबांच्या हातात टेप आणि ओठांत टाचण्या, त्यामुळे लिहिण्याचं काम माझ्याकडे. "उंची चाळीस, कंबर तीस, मोहरी चोवीस," ते ओठांच्या एका कडेनं सांगत. मोहरी म्हणजे पँटच्या पायाचा खालचा घेर. सत्तरच्या दशकात पोरांना ती इतकी रुंद हवी असायची की बूट झाकले जावेत. "फाटके असतील बिचाऱ्याचे," असं म्हणून बाबा हवी तेवढी सोडत. गळ्याचं माप घेताना मात्र ते कुणाचं ऐकत नसत. टेपच्या आत दोन बोटं घालत आणि म्हणत, "श्वासाला जागा."

ते गेले तेव्हा मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. तेरावं झाल्यावर त्यांचे सगळे कपडे मी बोहारणीला देऊन टाकले. घरात मी एकटाच होतो, आणि दोरीवर लटकलेले ते सदरे बघवत नव्हते. बोहारणीनं एक स्टीलचा डबा दिला. तो अजून रिकामाच आहे. मापाच्या वह्या तेवढ्या राहिल्या.

पुढच्या वर्षी आमच्याच कॉलेजात शिकलेली एक मुलगी मला भेटायला आली. ती नाचाचं एक नाटक बसवत होती. शहरातली पोरं कपड्यांतून स्वतःला कशी घडवतात, हा त्याचा विषय. काळे टी-शर्ट घालून गिटार वाजवणारी, ढगळ पँटीत डोक्यावर गरगर फिरणारी अशी पोरं त्यात होती. ती स्वतः तालुक्याच्या गावची, देवळ्याची. शहरात एसटी स्टँडवर उतरल्यावर ओढणी पिशवीत कोंबणाऱ्या मुलीचं काम ती स्वतःच करणार होती. तिला जुन्या फॅशनचे फोटो हवे होते. मी वह्या दाखवल्या.

"बाबांचं अक्षर किती सुरेख आहे, सर."

"माझं आहे ते."

ती पानं उलटत राहिली. "मोहरी अठरा, मग चोवीस, मग चौदा... सर, हे सगळं तालात आहे. तुम्ही हे प्रयोगात म्हणाल का?"

आयुष्यभर लिहून घेणारा मी, आता बोलायला लागलो. एका शाळेच्या हॉलमध्ये दुपारी तालीम चालायची. मी कोपऱ्यात उभा राहून आकडे वाचायचो आणि पोरं टेपनं एकमेकांची मापं घेत त्यांवर पावलं टाकायची.

"सर, नाशिकरोडला गाडीची अनाउन्समेंट करताय का?" ढगळ पँटवाला एक जण म्हणाला. "मनमाड पॅसेंजर फलाट क्रमांक चोवीसवर!"

"गप रे," ती म्हणाली, पण हसू तिलाही आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी चार टाचण्या नेल्या आणि ओठांत धरल्या. "कंबर... तीस." तो आवाज माझा नव्हता. पोरं हसली नाहीत. टेप गळ्याशी आला तेव्हा मी, "दोन बोटं," एवढंच म्हणालो, आणि त्यांनी घातली.

शेवटच्या प्रवेशात सगळ्यांनी मिळून शिंप्याचंच माप घ्यायचं, असं तिनं ठरवलं होतं. "बाबांचं खरं माप सांगा, सर. खोटं कळतं."

मी रात्रंदिवस वह्या चाळल्या. माझं माप दरवर्षीचं होतं, गल्लीतल्या प्रत्येकाचं होतं. बाबांचं कुठेच नव्हतं. स्वतःचा नवा सदरा ते जुना सदरा कापडावर पसरून बेतत. आणि जुने सदरे मी देऊन टाकले होते. निदान छातीचा अंदाज तरी यावा म्हणून मी डोळे मिटून हात पुढे करून पाहिले. मोठेपणी मी त्यांना एकदाही मिठी मारली नव्हती. हातांना काही आठवलं नाही.

"छाती चाळीस म्हणतो," मी तिला सांगितलं. तालमीत चाळीस म्हणतही गेलो.

प्रयोगाला समोर शंभरेक माणसं असावीत. शेवटचा प्रवेश आला. पोरांनी रिकाम्या हवेभोवती, कुणी छातीच्या तर कुणी गळ्याच्या उंचीवर, टेप धरले आणि आकड्यासाठी माझ्याकडे पाहिलं. माझ्या ओठांत टाचण्या होत्या. चाळीस हा शब्द तोंडाशी आला, पण त्या आवाजात मला खोटा आकडा सांगवेना.

पोरं थांबली. मग गळ्याच्या उंचीवर टेप धरलेल्या त्या ढगळ पँटवाल्यानं माझ्याकडे बघतच टेपच्या आत दोन बोटं सरकवली, आणि ती बराच वेळ तशीच ठेवली.

प्रयोग संपल्यावर तिनं आकड्याबद्दल विचारलं नाही. मी टाचण्या एकेक करून खिशातल्या कागदाला टोचल्या आणि द्वारकेवरून चालत घरी आलो.