दळवीसाहेबांचा आनंद कक्ष

दळवीसाहेब रुग्णालयात टाळ्या वाजवीत शिरत. समोर कोणी असो वा नसो. भांडुपच्या त्या खाजगी रुग्णालयाच्या फाटकासमोर मी अर्ज लिहितो. माझ्या हातचे निवेदन वाचून भलेभले अधिकारी खुर्चीत सावरून बसले आहेत. तेव्हा माणसाची पारख मला आहे, आणि इतका पोकळ मनुष्य मी दुसरा पाहिला नाही.

पूर्वी ते फ्रीज विकत. मालकांशी कसलेसे नाते निघाले आणि परिचारिकांना आनंदी ठेवण्याच्या पदावर त्यांची नेमणूक झाली. आल्याबरोबर त्यांनी परिचारिकांची डबा खाण्याची खोली ताब्यात घेतली, भिंती पिवळ्या केल्या, गुबगुबीत गाद्या टाकल्या आणि दारावर ‘आनंद कक्ष’ अशी पाटी लावली. पुढे, पाहुण्यांना दाखवायची खोली मळू नये म्हणून तिला कुलूप घातले. परिचारिका चादरींच्या खोलीत उभ्याने जेवू लागल्या.

मालवणकडच्या राणे सिस्टर किल्ली मागायला गेल्या.

“सर, पोरींचे पाय सुजतात. जेवताना तरी बसू द्या.”

“सिस्टर, किती निगेटिव्ह बोलता. आनंद मनात असतो, खोलीत नसतो.”

“मग तुमची खुर्ची आम्हाला द्या ना सर. तुम्ही मनात बसा.”

त्यांच्या नावापुढे ‘सहभाग कमी’ असा शेरा पडला. मी मालकांना सविनय, मुद्देसूद निवेदन लिहून दिले. उत्तर आले नाही. ते मागण्यास मी जातीने गेलो, तो साहेबांचा निरोप समारंभ चाललेला. चेंबूरच्या एका मोठ्या रुग्णालयाने त्यांना उचलले होते. अशांना मागणी असतेच.

समारंभासाठी आनंद कक्ष उघडला होता. परिचारिका डबे घेऊनच आल्या, गाद्यांवर पाय पसरून बसल्या आणि भाजीची देवघेव करीत खळखळून हसू लागल्या. साहेबांचे डोळे पाणावले.

“पाहिलंत? याला म्हणतात एम्प्लॉयी एंगेजमेंट,” ते मला म्हणाले. “जीव लावलाय यांनी मला.”



साहेब हार घालून गाडीत बसले. लगोलग वॉचमन कुलूप घेऊन दारात आला. राणे सिस्टर भाकरी मोडत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

“सायब गेले मा? मगे ह्या कुलूप त्यांका चेंबूरक लागतला. नेऊन पोचव. नायतर बस, जेव.”

वॉचमनने रस्त्याकडे पाहिले, कुलूप खिशात टाकले आणि चपला काढल्या.