धुतलेले पाय

येशूने शिष्यांचे पाय धुतले, बायबलमधल्या त्या उताऱ्याचा आमच्या नाशिकच्या चर्चमध्ये मी महिनाभर अभ्यास घेतला. शेवटच्या दिवशी पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, येशूच्या बारा शिष्यांची आठवण म्हणून बारा जणांचे पाय धुणार होते. अकरा जण घरूनच साबणाने पाय घासून आले. रिकाम्या बाराव्या खुर्चीवर सायखेड्याकडची एक अनोळखी बाई बसली. ती थेट शेतातून आली होती, टाचांच्या भेगांत माती होती. मी म्हणालो, "मावशी, आधी नळावर पाय धुऊन या."

तिने पाय साडीखाली ओढून घेतले, मग उठली. आवाज न चढवता म्हणाली, "धुतलेलेच पाय धुवायचे, मंग पानी कशाला नासवता?"

नळाकडे न वळता ती सरळ फाटकाबाहेर गेली. मला अजून माझीच चीड येते. तेव्हाही माझ्या हातातलं बायबल त्याच पानावर उघडं होतं.